पंधरा एप्रिलला जागा नाही

सहा नोव्हेंबरला त्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत: आईचा वाढदिवस आणि पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरची शेवटची बैठक. पहिलीला केक लागे, दुसरीला भांडण. दोन्ही एकाच टेबलावर होत असल्यामुळे भांडण संपेपर्यंत केक झाकलेला राही, आणि कापायची वेळ येई तेव्हा वरचं क्रीम थोडं खाली बसलेलं असे. त्याबद्दल कुणी तक्रार करत नसे.

टेबल छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. थोरली सून त्याच्या टोकाला संगणक उघडून बसली होती. पानं लावायची, वाचायची आणि बंद करून खाली छपाईला पाठवायची, हे तिचं काम. या घरात तिची इतकी वर्षं गेली होती, की कोण कुणाची बाजू कधी सोडणार हे तिला आधीच कळायचं. निदान त्या दुपारपर्यंत तरी तिची तशी समजूत होती.

कॅलेंडर रोज एक पान फाडायचं. पुढे तारखेचा मोठा आकडा आणि मागे दिनविशेष: त्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे तह झाला, काय बुडालं. मागे सहा ओळी बसत. सातवी घातली तर ती वर शिवणीत जाई, आणि पान फाडल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात अर्धंच युद्ध येई. सहा ओळींचा नियम सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. दुसरा नियमही त्यांचाच. घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाच्या पानावर त्याची एक ओळ, तीही लढाया आणि शोधांच्या रांगेत, त्याच टायपात. नाव घालायचं नाही, फक्त काम. ‘आज एका दातांच्या डॉक्टरचा जन्म’ ही तिच्या नणंदेची, म्हणजे ताईची ओळ. थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी तिला शिक्षण विचारलं नव्हतं, स्वयंपाक विचारला नव्हता. जन्मतारीख विचारली, मनातल्या मनात पान उलटलं आणि म्हणाले, “जागा आहे.” तिला वाटलं होतं, घरात.

“आधी पंधरा एप्रिल,” थोरला म्हणाला. थोरला म्हणजे तिचा नवरा. आप्पा गेल्यापासून छापखाना तोच बघत होता आणि आप्पांची खुर्चीही त्यानेच घेतली होती, उशीसकट. “पुढच्या एप्रिलात आप्पा नव्वदचे झाले असते. अख्खं पान त्यांचं करायचं. मधोमध फोटो आणि खाली त्यांची ओळ.”

“आणि जहाज?” धाकट्याने विचारलं.

धाकटा दिनविशेष शोधायचा. तीन ठिकाणी पडताळून पाहिल्याशिवाय तो तारीख लिहीत नसे, आणि जेवताना कुणी चुकीचं साल सांगितलं तर त्याचा घास तोंडाशीच थांबे. घरात त्याला ‘तारखा’ म्हणत.

“जहाज एक वर्ष नाही बुडालं तर कुणाचं काय बिघडतं?”

“दादा, लोक ते पान जपून ठेवतात. टायटॅनिक बुडालं, लिंकन गेला, तेव्हा सगळे ज्यांना हसले होते त्या चित्रकारांचं पॅरिसात पहिलं प्रदर्शन भरलं, गणितवाला ऑयलर जन्मला, लिओनार्दो जन्मला. एवढं भरलेलं पान वर्षात दुसरं नाही.”

“आणि सहावे आप्पा.”

“आणि सहावे आप्पा,” धाकट्याला मान्य करावं लागलं.

लिओनार्दोच्या खालच्या ओळीत आपण आहोत याचा आप्पांना भारी अभिमान होता. ‘आज एका छापखानेवाल्याचा जन्म.’ आल्यागेल्याला ते पान दाखवत आणि वर म्हणत, आम्ही दोघंही शाईत हात घालणारे.

“फोटो लहान घ्या ना,” ताई म्हणाली. दवाखान्याला सुट्टी देऊन ती आली होती, आणि सुट्टी वाया जाते आहे हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “पासपोर्टला लावतात तेवढा.”

“आप्पा म्हणजे काय अर्ज आहेत?” थोरला म्हणाला, आणि पंधरा एप्रिल बाजूला राहिला.

मग धाकट्याने सहा नोव्हेंबर काढला. हे पान कुणी कधी काढत नसे. आप्पांच्या तीन जाड पुस्तकांत सहा नोव्हेंबरला काही म्हणजे काही नव्हतं, म्हणून त्यांनी तिथे वेलबुट्टीची चौकट घालून मोठ्या टायपात एकच ओळ छापली होती: ‘आज एका सुगृहिणीचा जन्म.’ आईचा वाढदिवस नेमका रिकाम्या दिवशी आला म्हणून अख्खं पान तिला मिळालं, असं मुलं लहानपणापासून ऐकत आली होती. त्यांना ते फार छान वाटायचं.

“रिकामा दिवस नसतोच,” धाकटा म्हणाला. “पुस्तकं कमी पडतात. या दिवशी सॅक्सोफोन बनवणारा जन्मला. लहानपणी इतक्या वेळा पडला-धडपडला, की शेजाऱ्यांनी त्याची आशाच सोडली होती. आणि बास्केटबॉल काढणारा जन्मला. पहिल्या सामन्यात त्याने फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. चेंडू आत गेला की शिडी लावून काढायचे. हे लोकांना सांगायचं नाही तर काय सांगायचं? चौकट काढू. आईची ओळ राहील, फक्त साध्या टायपात.”

“आईच्या पानाला हात लावायचा नाही,” थोरला म्हणाला.

“हात कुठे लावतोय? माणसं वाढवतोय.”

“आज तिचा वाढदिवस आहे, आणि तू तिच्यासमोर तिला बारीक टायपात टाकायला निघालास. शरम आहे का?”

“दादाचं बरोबर आहे,” ताई म्हणाली. मघाशी ती धाकट्याकडे होती. थोरलीने मनातल्या मनात नोंद केली: दोन विरुद्ध एक, आई बोलणार नाही, चौकट राहणार.

आई खिडकीपाशी बसून रद्दी पानांची चळत टेबलावर ठोकून सरळ करत होती. हा तिचा जुना चाळा. तारेचं यंत्र येईपर्यंत या घरातलं प्रत्येक कॅलेंडर तिच्या हाताखालून गेलं होतं. पानं मोजून जुळवायची, भोकं पाडायची, दोऱ्याने शिवायची. पाच बायका तिच्या हाताखाली होत्या आणि तिला त्या घाबरून असत.

“काढा,” आई म्हणाली.

“बघ, चौकट काढायला तिचीही हरकत नाही,” धाकटा म्हणाला.

“चौकट नाही रे. ओळच काढा. आज माझा वाढदिवस नाही.”

सगळ्यांना वाटलं, वय झालं. ताईने डॉक्टरी नजरेने आईकडे पाहिलं. म्हणजे दात सोडून बाकी सगळीकडे. “आई, आज सहा नोव्हेंबर,” ती सावकाश म्हणाली.

“माहीत आहे मला. कॅलेंडरवाल्याच्या घरात राहते मी. माझा वाढदिवस पंधरा एप्रिलला असतो.”

“तो आप्पांचा,” थोरला म्हणाला.

“त्यांचाही आणि माझाही. ते सात वर्षं आधी जन्मले, एवढाच फरक. लग्नानंतर पहिलं कॅलेंडर निघालं तेव्हा मी विचारलं, माझी ओळ कुठे? म्हणाले, पंधरा एप्रिलला जागा नाही, पान भरलंय. जहाज काढता येत नाही, लिंकन काढता येत नाही. मी म्हटलं, मग तुमची काढा. हसले. म्हणाले, सहा नोव्हेंबर अख्खा मोकळा आहे, तो तू घे. जशी काही खोली देत होते.”

आईने हात लांब करून केकवरचं झाकण काढलं. “आणि हा आत्ताच कापा. वाढदिवस नाहीच तर त्याला कशाला ताटकळत ठेवायचा?”

केक कापला गेला, आणि त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच भांडण चालू असताना खाल्ला गेला.

सगळ्यांत वाईट अवस्था धाकट्याची होती. त्याच्या तोंडात घास होता आणि तो गिळायचं विसरला होता. “साठ वर्षं,” तो शेवटी म्हणाला. “साठ वर्षं आपण चुकीची तारीख छापली. मी जगभरच्या तारखा तीन-तीनदा तपासतो, आणि घरातलीच…”

“पुरावा काय?” थोरल्याने विचारलं.

हे त्याने विचारायला नको होतं, हे विचारताक्षणी त्याच्याही लक्षात आलं असावं. आईने बशी खाली ठेवली.

“मी होते ना तिथे,” ती म्हणाली. “तुझ्या लिओनार्दोकडे मागितलास कधी पुरावा?”

ताईला हसू आलं आणि ते तिने केकमध्ये लपवलं.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” थोरल्याचा आवाज चढला. “आज बोलतेस, आप्पांच्या नव्वदीच्या तोंडावर? ते उत्तर द्यायला नाहीत तेव्हा?”

“ते होते तोवर निदान दोघांना तरी खरं माहीत होतं,” आई म्हणाली. “पंधरा एप्रिलला सकाळी चहा घेताना ते हळूच विचारायचे, अजून रागावलीस का गं? मी नाही म्हणायचे. खोटंच. आता ते नाहीत. माझं माहेर कधीच संपलं. मी गेले की खरी तारीख जाणणारं कुणी राहणार नाही, आणि तुम्ही मात्र जन्मभर सहा नोव्हेंबरच छापत बसणार. मी कोणत्या दिवशी जन्मले हे कुणालाच ठाऊक नाही, असं मला नको आहे. भीती वाटते मला त्याची.”

आईला भीती वाटते असं थोरलीने आजवर कधी ऐकलं नव्हतं. तिला एकदम आपल्या ओळीची आठवण झाली, आणि ती ओळ नसती तर आपण काय केलं असतं असा प्रश्न पडला. काहीच केलं नसतं, असं उत्तर आलं. ते तिला आवडलं नाही.

“बरोबर आहे आईचं,” धाकटा म्हणाला. “चूक म्हणजे चूक. दुरुस्त करायची. आईला पंधरा एप्रिलला घ्यायचं.”

“कुठे घेणार? सातवी ओळ शिवणीत जाते.” थोरला आप्पांच्या खुर्चीत मागे रेलला. मग मोठं मन केल्यासारखा म्हणाला, “ठीक आहे. एकाच ओळीत दोघं. ‘आज एका छापखानेवाल्याचा आणि त्याच्या पत्नीचा जन्म.’ झालं?”

“नाही झालं,” आई म्हणाली. “मला त्यांच्या ओळीत शेपटासारखं लोंबायचं नाही. आणि ते सुगृहिणीही नको. तुझ्या ओळीत सद्‍गृहस्थ लिहिलंय का? सगळ्यांचं काम लिहिता, माझंही लिहा. चाळीस वर्षं बांधणी केली मी. बाइंडर लिहा.”

“पण जागा?”

“त्यांची ओळ काढा.”

थोरला खुर्चीत ताठ झाला. “नव्वदीच्या वर्षी?”

“मग काय झालं? काढून फेकू नका. सहा नोव्हेंबरला ठेवा. अख्खा मोकळा आहे.” आई अगदी शांतपणे म्हणाली. “साठ वर्षं मी बसले तिथे. बघू दे त्यांनाही कसं वाटतं.”

आता मघाची फळी उलटी फिरली. थोरली बोटावर मोजत राहिली आणि तिचा हिशोब चुकत गेला. आतापर्यंत आईसाठी लढणारा थोरला उभा राहून ओरडायला लागला, की बापाला असं घराबाहेर काढता येत नाही. आणि आईला ज्याचा भरवसा होता तो धाकटाच तिच्यावर उलटला.

“आई, हे मला नाही जमायचं,” तो म्हणाला. “तुझी तारीख दुरुस्त करतो, आत्ता करतो. पण आप्पांचा जन्म सहा नोव्हेंबरला, असं माझ्या हाताने नाही छापणार. ते खोटं आहे.”

“माझं छापलंत तेव्हा खरं होतं?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत असून चूक छापायची म्हणजे…” आईच्या बाजूने बोलायची त्याची फार इच्छा होती आणि ती बाजू त्याला घेता येत नव्हती; बिचारा केकच्या रिकाम्या बशीकडे बघत बसला.

“मला वाटतं आईचं ऐकावं,” ताई म्हणाली.

“तुला काय जातंय? तुझं पान सुखरूप आहे,” थोरला म्हणाला.

“माझ्या पानावर मी नकोच होते. लोक फोन करून फी विचारतात.”

त्यानंतर बराच वेळ जो गलका झाला त्यात नवं कुणी काही बोललं नाही. आपापलंच पुन्हा, पण मोठ्याने. थोरलीने दोन पानं पडद्यावर शेजारी-शेजारी उघडली. डावीकडे पंधरा एप्रिल, मुंगीलाही शिरायला जागा नाही असं. उजवीकडे सहा नोव्हेंबर, वेलबुट्टीत एक ओळ आणि भोवती पांढरा माळ. आप्पांचा जो फोटो डावीकडे कोंबायचा प्रयत्न ती सकाळपासून करत होती, तो तिने उचलून उजवीकडे टाकला. तो तिथे नीट बसला. सॅक्सोफोनवाला तिने वर घातला, टोपल्यांवाला खाली आणि दोघांच्या मध्ये आप्पा, प्रशस्त.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली. “इकडे बघा जरा.”

थोरला बोलता बोलता वाकला आणि तसाच पान बघत राहिला. तो शेवटी छापखानेवाला होता. बसलेलं पान त्याला कळायचं.

“फोटोला जागा आहे इथे,” तो स्वतःशीच म्हणाला. “पोस्टकार्डाएवढा येतो.”

“आणि जहाजही काढावं लागत नाही,” थोरली म्हणाली.

“पण तारीख!” धाकटा कळवळला.

“भावजी, जन्म लिहायचाच कशाला?” तिने ओळ टंकली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. ‘आज एका छापखानेवाल्याची आठवण.’ “आठवण काय, कोणत्याही दिवशी काढता येते. तपासा तीन ठिकाणी.”

धाकट्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एका ओळीत तपासण्यासारखं काही सापडलं नाही, आणि त्याचे खांदे खाली आले. “चालेल,” तो म्हणाला. “हे खोटं नाही.”

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. तो फोटोकडे पाहत होता. शेवटी त्याने हाताने, ठीक आहे, कर, अशी खूण केली.

थोरलीने डावीकडच्या पानावर लिओनार्दोच्या खालची ओळ पुसली. तिथे पांढरी फट पडली. एवढ्या वर्षांत ती जागा कधी रिकामी दिसली नव्हती, आणि क्षणभर तिला कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं. मग तिने लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: “आज एका बाइंडरचा जन्म.”

“पुन्हा वाच,” आई म्हणाली.

तिने पुन्हा वाचलं.

“हं. जाऊ दे खाली.”

पान गेलं. ताईने पर्स उचलली. दोन तरी पेशंट बघून होतील, असं काहीतरी पुटपुटत ती निघाली. जाताना तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला, मग आपण असं कधी करत नाही हे आठवून घाईघाईने काढून घेतला. धाकटा टोपल्यांची ओळ नीट करायला आपल्या खोलीत गेला. थोरली राहिलेल्या पानांकडे वळली. थोरला मात्र उठला नव्हता.

“आई,” तो जरा वेळाने म्हणाला. “पंधरा एप्रिलला आपल्याकडे किती माणसं जेवायला असायची.”

“असायची ना. छापखान्यातली सगळी. तुझे काका, त्यांची मुलं.”

“तू सकाळपासून स्वयंपाकघरात असायचीस.”

“मग काय, आपोआप शिजायचं?”

“तुझ्याच वाढदिवसाला.” त्याने हे इतक्या हळू म्हटलं, की थोरलीने कीबोर्डवरची बोटं थांबवली. “आम्ही जेवून उठायचो. तुला वाईट वाटायचं का?”

“वाटायचं तर. चांगलंच वाटायचं,” आई म्हणाली. तिने रद्दी पानांची चळत पुन्हा हातात घेतली, कडा जुळवल्या. “पण केक कापताना तुम्ही सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवायचात ना, तेव्हा मीही मागे उभी राहून वाजवायचे. निम्म्या त्यांच्या आणि निम्म्या माझ्या. कुणाला काय कळणार होतं?”